सुखाला गुण देणारे आमचे साडू

पालघर जिल्ह्यात कोण किती सुखी आहे, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस भूतलावर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात गावांचे विकास आराखडे तपासण्यात त्यांची नोकरी सरली. मध्येच कधीतरी रस्ते-गटारांबरोबर माणसांचं समाधान, झाडं आणि पाणी यांचंही मोजमाप करायचं ठरलं, आणि ते काम साडूंकडे आलं. तेव्हापासून कुणी नुसतं 'बरं आहे' म्हटलं की ते विचारतात, "दहापैकी किती?" हा प्रश्न त्यांनी वाणगाव स्टेशनात गाडी चुकलेल्या माणसाला विचारला आहे, आणि माझ्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी हुंदके देणाऱ्या माझ्या बायकोलाही. त्यांच्या सरावलीच्या घरी जेवायला गेलं, तर भाजी किती पाणी पिऊन वाढली हे ऐकल्याशिवाय पोळी पानात पडत नाही. कागदी कपातला चहा त्यांना वर्ज्य. बोईसरच्या टपरीवर ते पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढतात. "अरे साहब, इसमें तो दो कटिंग आएगी!" असं टपरीवाला ओरडतो आणि साडू शांतपणे दोन्ही पितात.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्याकडे किनाऱ्यावरचं एक कोळ्यांचं गाव आलं. साडू पाहणीला गेले ते भर पावसाळ्यात. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं ओटीवर जाळी विणत गप्पा मारताहेत आणि गावाच्या कडेला हिरवंगार मोकळं मैदान! साडू हरखून गेले. गावाच्या निवांतपणाला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि मैदानावर निसर्ग उद्यान आखलं. हिरवळ, कुंपण, बाकं. त्यातलं समुद्राकडे तोंड केलेलं एक बाक त्यांनी मनातल्या मनात स्वतःसाठी आणि माझ्या मेहुणीसाठी राखून ठेवलं होतं. "रिटायर झालो की संध्याकाळी तिथेच," हे मला सांगताना त्यांचा आवाज चक्क हळवा झाला. तो आराखडा जिल्ह्यात नमुना म्हणून दाखवायचं ठरलं. ग्रामसभेची मंजुरी तेवढी राहिली होती.

ग्रामसभेला मीही हौसेने गेलो. पावसाळा सरत आला होता. उद्यानाचं नाव निघताच एक कोळीण उठली.

"साहेब, त्या जागंवर आमच्या वलांड्या उभ्या ऱ्हातात. बांबू बांधून बोंबील सुकवतो आमी. पावसात काढून ठेवतो, म्हनून तुमाला दिसल्या नाय. कुंपन घातलं तर बोंबील काय तुमच्या बाकड्यावर सुकवू? आमचं पोट हाय त्या जागंवर."

"पण मावशी, तुम्ही सगळे तेव्हा किती समाधानी दिसत होतात!"

"धंदाच बंद व्हता, साहेब. बसनार नाय तं काय करनार?"

सभा खो खो हसली. शेजारी बसलेले त्यांचे वरिष्ठ अधिकारी साडूंच्या कानात म्हणाले, "निम्म्या जागेत करा, नमुना तरी टिकेल."  साडू उठून म्हणाले, "तुमच्या रिकाम्या दिवसांना मी सुख समजलो. चूक माझी आहे. जागा वाळवणाचीच राहील." आणि त्यांनी उद्यानावर स्वतःच्या हाताने काट मारली. नमुन्याचा मान दुसऱ्या गावाला गेला. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. सासुरवाडीच्या गोतावळ्याबद्दल मी असं सहसा बोलत नाही.

आता ते निवृत्त आहेत. थंडीत मेहुणीला घेऊन अधूनमधून तिकडे जातात. जन्माचे शाकाहारी, त्यामुळे नाकाला रुमाल लावून उभे. गेल्या खेपेला मी बरोबर होतो. बायका वलांडीवर बोंबील टांगत होत्या, समुद्रावर ऊन उतरत होतं. "इथेच बसणार होतो आम्ही," साडू रुमालाआडून म्हणाले.  मेहुणीने वाळूवर बसकण मारली आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली ओढलं. साडू कुरकुरत बसले. थोड्या वेळाने त्यांनी रुमालाची घडी घातली आणि तो खिशात ठेवून दिला.