कॉपी करायची राहिली

जावा प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये पास झाले तरच मला मिळालेली नोकरी टिकणार होती, आणि मी एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा बसले होते. प्रोग्राम सोपा होता. मार्कांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी, फंक्शनला द्यायचा, फंक्शनने ते मार्क चढत्या क्रमाने लावायचे, मग स्क्रीनवर मूळ ओळ आणि लावलेली ओळ अशा दोन्ही दाखवायच्या. माझ्या स्क्रीनवर दोन्ही ओळी सारख्याच, चढत्या क्रमाने लावलेल्या आल्या.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई माझ्या खुर्चीमागे थांबल्या. हॉल तिकिटावरचं आडनाव वाचून म्हणाल्या, "मराठी ना गं तू? मग मराठीतच सांग. मूळचे मार्क कुठे गेले?"

इंग्रजीतल्या व्याख्या मला पाठ होत्या. मराठी गोडादऱ्याच्या वस्तीतल्या आमच्या घरापुरती; लॅबमध्ये मी ती कधी काढली नव्हती. चूक दिसली आणि घाईघाईत तोंडून गेलं, "मॅडम, कॉपी करायची राहिली."

पलीकडचे लॅबचे गुजराती सर गर्रकन वळले. "कॉपी? कोणे कॉपी करी?"

"नाही सर, मी केलीच नाही. म्हणजे... करायला हवी होती."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. "बेन, आ छोकरी पोते ज कहे छे!" ही स्वतःच कबूल करतेय, असं बाईंना सांगत सर माझ्या शेजारणीच्या स्क्रीनवर वाकले. तिच्याही दोन्ही ओळी सारख्या होत्या. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच तिला बुडवलं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "कसली कॉपी? नीट सांग."

घरातलं बाहेर सांगायचा माझा स्वभाव नाही. पण दुसरं काही सुचेना.

"गावाला जाताना आम्ही शेजारच्या काकूंकडे चावी ठेवतो. एकदा परत आलो तर त्यांनी आमचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवलेले. आईला तिखट सापडेना. आम्ही चावी दिली होती, मॅडम. त्यांच्याकडे वेगळं स्वयंपाकघर नव्हतं, त्यांनी आमचंच लावलं. फंक्शनलापण मूळ अ‍ॅरेची चावीच मिळते. मी अ‍ॅरेची कॉपी करून तिची चावी द्यायला हवी होती."

सर अजून तसेच वाकलेले.

"मग कर कॉपी," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर."

फंक्शनला देण्याआधी मी अ‍ॅरेचा क्लोन, म्हणजे वेगळी प्रत, घेतला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. वरच्या ओळीत मार्क जसेच्या तसे विस्कटलेले आले. विस्कटलेलं काही बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी माझ्या नावापुढे पास लिहिलं. शेजारीण मान तिरकी करून माझी स्क्रीन वाचायला लागली होती.

"ए," बाई न वळताच तिला म्हणाल्या, "ती मात्र दुसरी कॉपी."