उघड्या जीपचा पट्टा

चंद्रपुरात आमचं गॅरेज होतं, त्या काळात जुन्या जीपांची छपरं कापून घ्यायची लाट आली होती. जंगल बघायला येणाऱ्यांना डोक्यावर आभाळही हवं असायचं. माझा नवरा छप्पर कापायचा, मागे उंच बाकं जोडायचा आणि बाकांवरचं रेक्झिन मी शिवायचे. दुपारी अशा दोन-तीन बिनछपराच्या गाड्या निंबाखाली उभ्या असल्या की त्यांच्यात सावली साचून राहायची. मशीन चालवता चालवता मला वाटायचं, आपणही त्यातल्या एखादीत बसलोय आणि गाडी कुठे तरी निघालीय. प्रत्यक्षात जंगल मी कधी पाहिलंच नव्हतं. टायरांच्या खाचांत अडकून येणारी माती आणि वाळकी पानं, एवढीच आमची ओळख.

गाड्या घेऊन येणाऱ्यांत एक ड्रायव्हर होता. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा, तिशीतला, मोजकं बोलणारा. त्याचं गाव पूर्वी जंगलाच्या आत होतं, तलावाच्या काठी. मग सगळ्यांना बाहेर रस्त्यालगत नवी घरं मिळाली आणि तलाव आत राहिला. त्याच्या बापानं जन्मभर त्याच तलावात जाळं टाकलं होतं. आता म्हाताऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. त्याचं एकच मागणं होतं, एकदा तलाव पाहायचा. मुलगा रोज सकाळी पाहुण्यांना घेऊन तिथेच जायचा, पण बापाला नेईना. कारण एकदा नेलं होतं, तेव्हा अर्ध्या वाटेत नाल्याच्या उतारावर गाडी हिसकली, म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला आधाराचा पाइप धरवला नाही आणि तो सरळ बाहेर पडला. खांदा मोडला. तलाव राहूनच गेला.

"पट्टा बसवून द्या भाभी," ड्रायव्हर म्हणाला, "मंगच नेतो त्याले. नाई तं नाई."

माझा नवरा मोठा कारागीर, हे त्याच्याकडूनच सगळ्या मोहल्ल्याला कळलेलं. पुढच्या सीटच्या दोन्ही बाजूंना, गाडीच्या तळाच्या पत्र्यावर त्यानं जाड कड्या वेल्डिंग केल्या, घासल्या, रंगवल्या. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडू नये. मीही कमी नव्हते. जीपच्या कापडी हुडाला लावतात त्या जाड निवारीचा पट्टा चौपदरी शिवून दिला आणि स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बापालाच घेऊन आला. म्हातारा काठी टेकत गाडीभोवती फिरला. डाव्या हातानं कडी चाचपली आणि विचारलं, "याच्या खाल्ती काय हाये?"

"खाली काय असणार? पत्रा," नवरा म्हणाला.

"दोर नाई तुटत मिस्त्री. खुटा उपटते."

मग तो खाटेवर बसून सावकाश सांगू लागला. तलावाच्या गाळात उभा खुटा ठोकला की भरलं जाळं त्याला उपटून घेऊन जातं. म्हणून ते लोक उभा खुटा ठोकतच नाहीत. गाळ खणून आडवं लाकूड पुरतात, दोर त्याला बांधून वर काढतात. मग ओढणाऱ्याला सगळा काठच ओढावा लागतो. हे सांगताना त्याचा डावा हात हवेत गाळ उपसत होता, आणि क्षणभर आमच्या तेलकट अंगणात मला पाणी दिसलं.

नवऱ्याचं नाक लाल झालं. "माझी वेल्डिंग तुटली तर दुकान बंद करीन."

"मग ओढूनच बघा ना," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे.

पट्ट्याला दोर बांधून तो निंबाला आवळला आणि ड्रायव्हरनं गाडी हळूच पुढे घेतली. वेल्डिंग नाही तुटली. कडी पत्र्यासकट वर आली, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी. माझा पट्टाही एका बाजूनं उसवला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहीना. म्हातारा हसला असता तर बरं झालं असतं, पण तो बिचारा नुसता तलाव पुन्हा हातचा गेल्यासारखा बसून राहिला. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा गाडीखाली जाऊन आडवा झाला आणि गाडीचा मूळ सांगाडा, आमच्या भाषेत चासी, तिथून काम नव्यानं सुरू केलं. चासीला आधीपासून असलेल्या भोकांतून जाड बोल्ट घेतले, खाली तळहाताएवढ्या लोखंडी पाट्या दिल्या, त्यांच्या कडा गोल घासल्या. छातीवरच्या पट्ट्यासाठी सीटमागे पाइपाची कमान उभी केली आणि तिचे पायही चासीवरच नेऊन टेकवले. पट्टा नागपूरहून नवा, कंपनीचा मागवला. माझ्या शिलाईचा हट्ट मी सोडला. पुन्हा निंबाला बांधून ओढलं, तेव्हा गाडी गुरगुरत जागीच उभी राहिली.

जायच्या दिवशी ड्रायव्हर आम्हालाही घेऊन गेला. म्हातारा पुढे, पट्ट्यात. आम्ही दोघं मागे. सकाळचं धुकं होतं, बांबू दोन्हीकडून झुकलेला, आणि मी खरंच स्वप्नात असल्यासारखी बसले होते. नवरा मात्र जंगल पाहतच नव्हता, सारखा पुढच्या बोल्टाकडे वाकत होता. नाल्याच्या उतारावर चाक खाली आदळलं. म्हातारा पुढे फेकला गेला आणि पट्ट्यानं त्याला जागीच धरलं. नवऱ्यानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मग झाडं संपली आणि तलाव आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. उतरायची परवानगी नव्हती. पाण्यावरून धूर निघत होता, पलीकडच्या काठाला चितळं माना खाली घालून पीत होती. म्हातारा बराच वेळ पाहत राहिला.

"तुही माय तिथीच भांडे घासे," तो मुलाला म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आपुन गेलो तं हे आले. पानी एकटं नाई राह्यलं. चाल आता."

गाडी सुरू झाली नाही. ड्रायव्हरनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं.

"मी रोज येतो बाबा इथी," तो तसाच म्हणाला. "लोकायले सांगतो, इथी जनावरं पानी प्यायले येतेत. आपलं गाव होतं म्हनून एकाले बी नाई सांगतलं. तोंडातून निंगतच नाई."

म्हाताऱ्यानं डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. "आज सांग मंग. हे दोघं हायेत ना."

त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले, आमच्याकडे वळला, आणि पाहुण्यांना रोज ज्या आवाजात सांगत असेल त्याच आवाजात म्हणाला, "भाभी, थे चिंच दिसते ना, तिथी आमचं घर होतं."