अवकाशातला सरवा

उमरग्याच्या फाट्यावर हैदराबादची एसटी आली तेव्हा मी इतका गडबडलो, की पाया पडायला सुरुवात तर केली, पण थांबायचं कुठं तेच कळेना. दादांच्या पडलो, आईच्या पडलो, चुलत्यांच्या पडलो आणि त्याच झपाट्यात शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्याही पडलो. तो नळदुर्गच्या गाडीची वाट बघत होता. त्यानं बिचाऱ्यानं न कचरता माझ्या डोक्यावर हात ठेवला, "लई मोठा हो" म्हणाला आणि पिशवीतला एक पेरू काढून दिला. सास्तूरहून सोडायला आलेली आमची मंडळी हसून हसून वाकली. आई तेवढी हसली नाही. ती माझ्या बॅगेची चेन पुन्हापुन्हा ओढून बघत होती. फिनलंडला निघालेल्या माणसाचं प्रस्थान हे असं झालं.

दादा, म्हणजे माझे वडील, फाट्यावर भेटेल त्याला सांगत होते, "त्येला दुसऱ्याच्या चुका हुडकायची नोकरी लागलीया." सॉफ्टवेअर टेस्टिंगचा याहून सोपा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. ऐकणारा म्हणायचा, मग त्यासाठी इतक्या लांब कशाला, हितं काय कमी हायत्या?

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन पडलेल्यांसाठी हे लिहितोय. मी इथं नेमका काय करतो ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. फोनवर "बरं चाललंय" म्हणायचं आणि जेवलास का, याचं उत्तर द्यायचं, एवढ्यावर भागवलं.

मी राहतो त्या गावाचं नाव औलू. हिवाळ्यात तिथं दुपारी तीनलाच दिवेलागण होते. माणसं भली आहेत, पण शब्द जपून वापरतात. समोरच्या दारातल्या गृहस्थांनी पहिल्या चार महिन्यांत मला चार वेळा मान हलवून दाखवली, आणि त्यातली एक बहुधा थंडीनं हलली असावी. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कारणच नसायचं. एका रविवारी मी लिफ्टला "चला" म्हणालो आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो. सास्तुरात न्हाव्याच्या दुकानातून घरी यायला मला तास लागायचा, एवढी माणसं वाटेत अडवायची. कधी एकदा यातून सुटतो असं तेव्हा वाटायचं. सुटलो, आणि बोलायला लिफ्ट उरली.

तेव्हा मी एका ऑनलाइन खेळात शिरलो. खेळ अवकाशातला. जगभरातली हजारो माणसं एकाच आकाशात आपापलं जहाज घेऊन फिरतात. पहिल्यांदा स्थानकाचं दार उघडलं आणि माझं इवलंसं जहाज बाहेर पडलं, तेव्हा मी खुर्चीत हललोच नाही. आमच्याकडं तेरखेड्यात बनते ती सगळी शोभेची दारू एकाच वेळी उडवावी आणि ती वरच्या वर गोठून राहावी, तसं समोर जांभळं-तांबडं काहीतरी पसरलं होतं. त्यात एक सूर्य, त्याच्या मागं दुसरा, आणि दूरवर हलणारे बारीक दिवे. त्या प्रत्येक दिव्यात एक माणूस बसलेला. कुणी ब्राझीलचं, कुणी कोरियाचं, आणि एक लोहारा तालुक्यातलं, म्हणजे मी.

मग पडद्यावर प्रश्न आला. तुला काय व्हायचंय? खाणकाम, मालवाहतूक, व्यापार, लढाई, शोध. निवड.

मी बराच वेळ त्या प्रश्नाकडं बघत बसलो, कारण हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. थोरल्या चुलतभावानं इंजिनिअरिंग केलं म्हणून मी केलं. शाखा तर प्रवेशाचा अर्ज भरताना उमरग्याच्या नेट कॅफेवाल्यानं ठरवली. त्याला जेवायला जायचं होतं, म्हणून यादीत पहिलं नाव होतं त्यावर त्यानं टिचकी मारली. आणि इथं एक अख्खं आकाश अदबीनं थांबलं होतं, माझं काय म्हणणं आहे ते ऐकायला.

या खेळात एकट्यादुकट्याचा निभाव लागत नाही, म्हणून टोळ्या असतात. मला एका टोळीनं घेतलं. वीसेक माणसं, प्रत्येक जण वेगळ्या देशातला. कानाला हेडफोन लावायचे आणि काम करता करता गप्पा मारायच्या, अगदी भुईमुगाच्या शेंगा तोडायला बसल्यागत. म्होरकी होती हेलेना, चिलीतल्या एका डोंगराळ गावातली निवृत्त नर्स. तिचा नियम सोपा होता. नव्या माणसानं महिन्याभरात एक धंदा निवडायचा, मग त्यातलं जाणतं माणूस त्याला शिकवणार.

मी सगळं करून पाहिलं. खाणीत गेलो तर जहाजाची कोठी केव्हाच भरली होती आणि मी दोन तास नुसताच दगडाला उजेड दाखवत बसलो होतो. मालवाहतूक केली तर अख्खा माल भलत्याच ताऱ्यावर उतरवून आलो. लढाईत पहिली गोळी झाडली ती आमच्याच स्थानकावर, आणि तिथल्या पहारेकऱ्यांनी मला डोळ्याचं पातं लवायच्या आत संपवलं. दुसऱ्याच्या चुका हुडकायचा पगार घेणाऱ्या माणसाचा हा पराक्रम ऐकून टोळी पोट धरून हसायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट माझ्या नावानं वीस माणसं हसताहेत, हेच मला आठवडाभर पुरायचं. ती टोळी गेली असती तर माझ्या कानावर दुसरा आवाजच नव्हता.

आणि ती जायची वेळ मीच आणली.

एका बुधवारी ऑफिसातून आल्यावर मी खेळात भटकत होतो. एका दगडांच्या पट्ट्यात पोचलो तर तिथं कुणी नाही, आणि मोठमोठे डबे तरंगताहेत, खनिजानं भरलेले. कुणीतरी दिवसभर दगड फोडून, नेता येईल तेवढं नेऊन उरलेलं सोडून दिलेलं दिसत होतं. मला इतका आनंद झाला, की मी खुर्चीतून "सरवा" म्हणून ओरडलो. शहरातल्यांसाठी सांगतो, पीक काढून नेल्यावर रानात मागं राहतात त्या शेंगा, ती कणसं, म्हणजे सरवा. तो कुणीही वेचावा, कुणी अडवत नाही. आई लहानपणी सरव्यावर वाढली, आणि मला कळायला लागल्यावर मीही तिच्यामागं ओंजळभर शेंगांसाठी ढेकळं उपसत फिरलोय. मी ते डबे भराभरा जहाजात ओतले.

लगेच माझं नाव लाल झालं. आकाशातल्या प्रत्येकाला आता मी चोर म्हणून दिसत होतो. डबे हेलेनाचे होते. कानात तिचा आवाज आला, शांत, पेशंटला विचारावा तसा. का घेतलंस? मी म्हणालो, तुम्ही टाकून गेला होतात ना. ती म्हणाली, उरलेलं न्यायला मी परत येतच होते. वीस माणसांची शांतता एकदम ऐकू येते तेव्हा ती लिफ्टमधल्या शांततेपेक्षा फार मोठी असते. आपल्याच माणसाचं चोरणारा टोळीत राहत नाही, हाही नियम होता. निकाल रविवारी द्यायचं ठरलं.

मी मात्र ठाम होतो. यांना सरवा माहीत नाही, हा यांचा दोष. शनिवारी सकाळी साक्षीदार म्हणून मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, सरवा वेचला तर चोरी असती का गं?"

"सरव्याला कोन चोरी म्हनल? येडं का खुळं?"

मी जिंकत आलो होतो. मग खेळ काय, डबे काय, हेलेना कोण, सगळं तपशिलानं सांगितलं. तिनं मान हलवत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तिची शेवटची गाडी गेली हुती का?"

"न्हाय. ती परत यायची हुती, उरल्यालं न्यायला."

"मग सरवा कसला रं त्यो? रास उचललीस तू बाईची." ती डोळ्यांत बघून बोलत होती. "आमी बांधावर बसून ऱ्हायचो. मालकाची शेवटची गाडी हलल्याबिगर रानात पाय टाकायचा न्हाय. भूक लागली तरी न्हाय. तवाच त्यो सरवा हुतो."

दादांचं डोकं मोबाईलच्या चौकटीत घुसलं. "काय चोरलं ह्येनं?"

"दगडं," आई म्हणाली.

"दगडं? आपल्या रानात कमी हुती व्हय?"

आईनं त्यांना बाजूला सारलं. "आदी माल दे तिचा. मग बोल. बोलून मग दिऊ नगंस."

आईसोबत इतक्या वेळा गेलो, पण बांधावर बसून राहायचं ते मला थकून टेकणं वाटायचं. ती वाट बघणं होती, हे मला औलूत बसून कळलं. आपल्याच घरची रीत मी अर्धीच घेऊन निघालो होतो, आणि त्या अर्ध्यावर एवढा तोरा.

रविवारी मी आधी सगळा माल हेलेनाच्या कोठीत जमा केला. मग माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत बांध, गाडी, कणसं, आई, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, की माझ्या आईच्या हिशेबानंही मी चोरच आहे, तेव्हा तुम्ही काढलंत तर बरोबरच कराल. कुणीतरी खोकलं. हेलेनानं विचारलं, मालक रानात कणसं मुद्दाम ठेवतात, की राहून जातात? हे मला माहीत नव्हतं. तिला थांबवून मी आईला फोन लावला आणि तिचं उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत केलं. चांगला मालक रान झाडून नेत नाही.

मग ती टोळी एकमेकांत बोलली आणि मी नखं खात बसलो. निकाल असा, की मी राहायचं. आणि धंदा ठरला. मोठ्या लढाया झाल्या की फुटकी जहाजं तशीच तरंगत राहतात. त्यातलं कामाचं वेचून आणणं हा या खेळात रीतसर धंदा आहे, पण त्यात मान नाही म्हणून आमच्यात तो कुणी करत नव्हतं. हेलेना म्हणाली, शेवटचं जहाज निघालं की मी तुला सांगेन. तोवर तू बांधावर बस.

त्यानंतर मी बांधावर बसायला शिकलो. एका रविवारी दुपारी मी तसाच दूर थांबलो होतो. शेकडो माणसांची लढाई उरकली होती, एकेक दिवा निघून चालला होता. तिचा निरोप आला आणि मी आत गेलो. निळ्या ग्रहाभोवती कडी, आणि त्या कड्यांच्या उजेडात डोंगराएवढी फुटकी जहाजं सावकाश फिरत होती. मला एकट्याला ते बघवेना. घरी फोन लावला आणि मोबाईल पडद्यासमोर धरला.

आई हळूच म्हणाली, "हितं दिवस कुठल्या अंगाला उगवतो रं?" मी म्हणालो, जिकडं तोंड करशील तिकडं. दादा लांबून बघत होते, ते जवळ आले. शेजाऱ्याशी वीतभर बांधावरून अर्धं आयुष्य भांडलेला माणूस.

"ह्ये रान कुनाचं?"

"कुनाचंच न्हाय, दादा."

"बांध?"

"बांधबी न्हाय."

दादा फुटक्या जहाजांकडं बोट करून म्हणाले, "मग ही मानसं कशापायी भांडली?"

आई म्हणाली, त्याला काम करू द्या. तिनं मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोघं आपापल्या कामाला लागली. माझ्याकडच्या चौकटीत आता आमच्या घराची अर्धी भिंत आणि तिच्यावरचं पांढरं दुपारचं आभाळ. कुठं कोंबडी ओरडली, कुणाची मोटारसायकल गेली, आईनं कुणाला तरी सांगितलं, की पोरगं हितंच हाय, कामात हाय.

मी वेचत राहिलो. फोन त्यांनीही बंद केला नाही आणि मीही केला नाही. घर म्हणजे सोडून निघायची जागा, असं मला फार वर्षं वाटत आलं होतं. त्या दुपारी दोन्ही आभाळं टेबलावर शेजारी शेजारी होती, आणि आई म्हणाली तसा मी हितंच होतो.