कपाळावर फोडलेले नारळ

माझे यजमान पहेलवान होते. मानोरा गावाच्या आसपास कुठेही कुस्त्यांची दंगल भरली की त्यांना बोलावणं यायचं. कुस्तीआधी आखाड्याच्या मधोमध उभं राहून ते स्वतःच्या कपाळावर नारळ फोडायचे, एकामागून एक पाच. पाणी गालांवरून ओघळायचं, डफड्याच्या वर माणसांचा आवाज जायचा, आणि मी बायकांच्या घोळक्यात पदर दातांत धरून हसायचे. खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटायचा.

हे त्यांच्या वस्तादाचं शिक्षण. वस्ताद कारंज्याकडच्या धनज गावचे. त्यांचे पठ्ठे रोज सकाळी कडुलिंबाच्या बुंध्यावर कपाळ आपटायचे, मग दोघं दोघं समोरासमोर येऊन एडक्यांसारखी ढुशी द्यायचे. डोकं पक्कं असलं की समोरचा निम्मा तिथेच हरतो, असं वस्ताद सांगत. आमचे यजमानही सलामी झाल्या झाल्या कपाळ पुढे करून असे भिडायचे, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे काय येत होतं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर कधी उलटी व्हायची, कधी दोन-दोन दिवस उजेड सोसायचा नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, उष्णता झाली. मी तळपायांना कांद्याचा रस चोळायचे, कपाळाला लोणी लावायचे. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा तालमीत.

माझं माहेर केनवड. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा तिथल्या दंगलीचं बोलावणं आलं.

"डोक्यात भुंगा फिरून राह्यला," ते म्हणाले. "या बारीले राहू दे."

"माया माहेरची दंगल आहे," मी म्हणाले. "भाऊ साऱ्या गावाले सांगून बसला. तुमी नाही आले तर लोकं काय म्हनतीन त्याले?"

त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला.

त्या दिवशीही पाच नारळ फुटले. मग कुस्ती लागली. जोडीदार तरणा होता. त्यानं यांना कमरेतून उचललं आणि फेकलं. आखाड्याची भुसभुशीत माती संपते तिथे, कडेच्या टणक जमिनीवर, यांचं डोकं आदळलं. तो आवाज बायकांच्या बाजूपर्यंत आला. भावानं तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा हुंगवला. बऱ्याच वेळानं डोळे उघडले.

"जितलो काय मी?"

"हो," मी म्हणाले.

दमणीत, आमच्या छोट्या बैलगाडीत, बसवून घरी आणलं. वाटेत दर थोड्या वेळानं तेच विचारायचे, आणि मी दरवेळी हो म्हणायचे.

त्यानंतर ते कुस्ती खेळले नाहीत असं नाही. दोन-तीन वर्षं खेळले. पण माणूस हळूहळू निसटत होता. वखर धरून शेताच्या मध्यावर उभे राहायचे; बैल पुढे जायला बघायचे आणि यांना कुठल्या अंगाला वळायचं ते कळायचं नाही. जेवून उठायचे आणि पुन्हा पाटावर येऊन बसायचे. जीभ जड झाली, पाय अडखळू लागले. गावात म्हणू लागले, पहेलवान प्यायला लागला. ज्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल विहिरीवर हे ऐकून घागर तशीच टाकून मी परत आले होते. आत्याबाईंनी लिंबं उतरवली, दर्ग्यावर चादर चढवली, वैद्यानं काढे दिले. वय तेव्हा चाळीसही नव्हतं.

शेवटी मला वाटलं, ज्यानं हे डोकं घडवलं त्यालाच दाखवावं. सोबतीला दीर घेतला, दमणी जुंपली आणि वाटेत एक मुक्काम करून आम्ही धनजला पोचलो.

वस्ताद ओसरीवर बाजेवर बसले होते. केवढा उंचापुरा माणूस, पण मान एका बाजूला कललेली, लाळ गळत होती. त्यांची बायको त्यांना वाटीतून कण्या भरवत होती. आमच्या यजमानांनी वाकून पाय धरले. वस्तादांनी कोण आलं ते ओळखलं नाही. पण दोन्ही हात पुढे करून त्यांनी यांचं डोकं चाचपलं, कपाळावरचं घट्ट झालेलं कातडं अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि हसले. मग कण्यांसाठी तोंड उघडलं.

म्हातारीनं मला आत चुलीपाशी नेलं.

"विसरते काय तो?" तिनं विचारलं.

"हो."

"मारते?"

"अजून नाही."

"तोही मारीन. याईचंही असंच झालं. पयले विसरले, मंग मारू लागले, मंग हे असं." तिनं वाटी धुऊन पालथी घातली. "मायाकडे अशी आलेली तू तिसरी हायेस, बाई."

"मंग तुमी कोनाले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना. तालमीत जाऊन सांगतलं. हसले सारे."

 परत येताना यजमानांचं चित्त थाऱ्यावर होतं, तेच वाईट झालं.

"वस्तादानं मले ओयखलं नाही."

"म्हातारे झाले ते."

"मीही असाच होईन काय?"

दीरानं बैलांना हाकारलं. मी म्हणाले, "तुमाले काही होत नाही."

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून गावच्या तालमीत गेले. मागोमाग मीही गेले; दाराबाहेर उभी राहिले. आत त्यांचा आवाज ऐकू येत होता, जड, तुटक. "कुस्ती खेळा. पन डोक्याले डोकं लावू नका. नारळ देवाले फोडा, कपाळावर फोडू नका." कोणी हसलं नाही. दुपारी मी विचारलं, तर आपण तालमीत गेलो होतो हे त्यांना आठवत नव्हतं. पुढच्याच साली मानोऱ्याच्या दंगलीत एकानं सात नारळ फोडले, असं कानावर आलं.

म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं. एका दुपारी भाकर गार आहे म्हणून त्यांनी मला मारलं. तो हात पहेलवानाचा होता. माझा डोळा मिटून गेला, गाल काळानिळा झाला. सकाळी उठले, माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उभे राहिले.

"कोनं मारलं तुले? नाव सांग. मी पाहातो त्याले."

 बाहेर जायला निघाले होते ते माझ्यासाठी कोणाशीतरी भांडायला. मी म्हणाले, गोठ्यात पडले. त्यांनी मला खाली बसवलं आणि माझ्या गालाला लोणी लावलं. निम्मं लुगड्यावर सांडलं. त्या सकाळी मी जितकी रडले तितकी मार खाताना रडले नव्हते.

शेवटच्या वर्षी ते मला माय म्हणू लागले. मी ओ देत असे. जगभरची मोठी लढाई संपली त्या सालच्या हिवाळ्यात, तूर निघाली तेव्हा, मी अंगणात सुपानं पाखडत होते आणि ते भिंतीशी उन्हात गोधडीवर निजले होते. ऊन आता त्यांना सोसायचं. दोनदा मी मागे वळून पाहिलं. झोप शांत वाटली, म्हणून हाक मारली नाही. ढीग संपवला, सूप झटकलं, हातपाय धुतले आणि मग उठवायला गेले. ऊन अंगावर होतं, पण कपाळ गार लागलं.