शेवटचा नंबर

भिशीतला शेवटचा नंबर मिळावा म्हणून चन्थी सोम्फोनताईंशी चक्क भांडली होती.

व्हिएन्टिएनच्या आमच्या सकाळच्या बाजारात चोवीस बायकांची ही भिशी. कुणी नूडल्स विकणारी, कुणी चांदीवाली, आणि चन्थी स्वतःच्या मागावर विणलेली लुगडी विकायची. सोम्फोनताई भिशीच्या प्रमुख. दरमहा प्रत्येकीने साठ हजार किप, म्हणजे आमच्याकडच्या चलनातले, काढायचे. आधी उचलणारीने पुढच्या महिन्यांत व्याज भरायचं आणि ते व्याज मागे राहिलेल्यांच्या वाट्याला यायचं. म्हणजे जितकं थांबाल तितकं जास्त. थांबू शकणारी बाई शहाणी, असं आम्ही सगळ्याच मानत होतो. बँकेत पैसे ठेवायची आम्हाला भीती वाटायची, पण बाजारातल्या बाईच्या शब्दाची कधीच नाही.

चन्थीचा नवरा दक्षिणेला लाकडाच्या कामावर गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली मुलगी केओ, तेरा वर्षांची. तिच्या काळजातली एक झडप नीट मिटत नव्हती. बाजाराच्या दहा पायऱ्या चढली तरी ओठ निळे पडायचे. नदीपल्याड थायलंडातल्या इस्पितळात डॉक्टरने सांगितलं, ऑपरेशनला चाळीस हजार बात लागतील. निम्मे आधी भरा, उरलेले वर्षभरात द्या. पण दोन वर्षांच्या आत करा, त्यानंतर मी हात लावणार नाही.

हे सत्त्याण्णव सालचं. तेव्हा एका थाई बातला चाळीस किप पडायचे. शेवटचा नंबर सतरा लाखांचा, म्हणजे बेचाळीस हजार बात. चन्थीने हा हिशेब इतक्या वेळा केला की झोपेतही चुकली नसती. भिशी चोवीस महिन्यांची, डॉक्टरची मुदतही तेवढीच. वर दोन हजार बात उरतील, त्यात केओला चपला घेऊ, असंही तिने ठरवून टाकलं होतं.

मग किप घसरायला लागला. चाळीसचे पंचेचाळीस झाले, पुढे पन्नास. सराफांच्या ओळीला सिथातकाका नोटा बदलून द्यायचे, त्यांच्या पाटीवरचा आकडा सकाळी एक नि दुपारी दुसरा असायचा. बायका म्हणायच्या, चढलंय तसं उतरेल. चन्थी सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. तिला तसं म्हणणं भागच होतं.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत सातवा नंबर मालयचा होता. मालय समोर नूडल्सची गाडी लावायची, तोंडाने फटकळ पण मनात काही न ठेवणारी. ती आपणहून आली.

"हे बघ, माझ्या भावाचं लग्न पुढे गेलंय. माझा नंबर तू घे, तुझा शेवटचा मला दे. पोरीचं काम उरकून टाक."

साडेचौदा लाख. चन्थीने दिवसभर हिशेब मांडून पाहिला. आत्ता उचलले तर पुढे दीड वर्ष व्याज भरायचं, शेवटची मोठी रक्कम जायची, आणि एवढं करून पूर्ण चाळीस हजार होतच नव्हते. थांबलं तर बात उतरेल आणि सगळं एकदम फिटेल. तिने लोभ केला असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही, तिच्या जागी आम्ही तेवीसजणींनी तेच केलं असतं. संध्याकाळी गाडीवर जाऊन तिने मालयला नाही म्हणून सांगितलं. मालय म्हणाली, "तुझी मर्जी, बाई. पण तुझं डोकं मागातल्या धाग्यांत गुंतलंय."

त्यानंतर पाटीवरचा आकडा उतरलाच नाही. शंभर झाले, दीडशे झाले. चन्थी पोटाला चिमटा काढून हप्ता भरत राहिली. चिकट भात आणि मिरचीचा ठेचा, मासा फक्त केओच्या पानात. आता कुणीच नंबर बदलून देईना, आणि मधेच भिशी सोडणं म्हणजे बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. केओला पायऱ्या चढवेनाशा झाल्या, मग चन्थी तिला पाठीवर घेऊन येऊ लागली. हिशेब ती अजून चाळीसच्याच भावाने करायची. दुसरा भाव तिच्या डोक्यात शिरतच नव्हता, कारण तो शिरला असता तर तिला उठून मागावर बसता आलं नसतं.

नव्व्याण्णवच्या जुलैत तिचा नंबर आला. सोम्फोनताईंनी नोटांची गोणी हातात दिली आणि मान वर केली नाही.

पाटीवर अडीचशे होते. सिथातकाकांनी नोटा लावून घेतल्या आणि सहा हजार आठशे बात पुढे ठेवले. चन्थीने त्यांना हात लावला नाही.

"काका, तुम्ही जुने भाव लिहून ठेवता ना? गेल्या वर्षीचा फेब्रुवारी काढा. मालयची भिशी निघाली तो दिवस."

काकांनी वही काढली. पानं उलटताना त्यांचं बोट एका जागी थांबलं, आणि त्यांनी वही मिटली.

"तेव्हाही पुरले नसते, पोरी."

"आकडा सांगा."

"पान भिजलंय गं. दिसत नाही."

चन्थीने वही त्यांच्या हातातून घेतली. पान कोरडं होतं, अक्षर सुरेख. बावन्न. तिने साडेचौदा लाखांना बावन्नने भागलं. सत्तावीस हजारांच्या वर. आधी भरायचे होते वीस. दोनदा भागलं, उत्तर तेच. दीड वर्षापूर्वी केओ स्वतःच्या पायांनी नदीवरचा पूल ओलांडून इस्पितळात गेली असती. हे तिने स्वतः घालवलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. काका काहीतरी म्हणत होते, थाई डॉक्टरांचे पाय धर, उरलेले आम्ही बाजारातून जमवू. जमणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने पैसे कमरेला खोचले आणि बाहेर आली. केओ खालच्या पायरीवर खांबाला टेकून बसली होती, निळ्या ओठांनी हसत.

"आई, पुरले?"

पोरीला आपला चेहरा दिसू नये म्हणून चन्थी तिच्यापुढे पाठ करून खाली बसली.

"पुरले," ती म्हणाली. "चल, चढ पाठीवर."