आडवी बॅटरी

मल्हारगंजात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलो आणि लेक निघाली गोगलगायींच्या मागे, इथले लोक म्हणतात त्या घोंघ्यांच्या. त्याही साध्या नाहीत. गुहेच्या अंधारात राहणाऱ्या, मोहरीएवढ्या, अंगाने आरपार, डोळे नसलेल्या. ओल सुकली की मरतात, म्हणून बाहेर येतच नाहीत म्हणे. मी म्हणायचो, "बेटा, एवढं शिकून हेच मिळालं?"

मानपूरच्या पुढे, दरीतल्या एका गुहेत तिला त्यांचे रिकामे शंख सापडले होते. तिच्या कॉलेजातल्या सरांनी ते बाजूला सारले. पावसाच्या पाण्याने फटींतून वाहून आले असतील. जिवंत दाखव, मगच गोगलगाय गुहेत राहते असं लिही, म्हणाले. पाच फेऱ्या वाया गेल्या. पाऊस लागला की गुहेत पाणी भरतं, म्हणजे वर्ष गेलं. शेवटच्या फेरीला सोबत कोणी मिळेना, म्हणून मी गेलो, कुरकुरतच.

आत वटवाघळांच्या लेंड्यांचा उग्र वास. पोरगी कपाळावरची बॅटरी खाली रोखून तासभर शोधत होती. मला राहवेना. बारीक स्क्रू पडला तर असा वरून शोधतात का? पाय हलवायचे नाहीत आणि बॅटरी जमिनीवर आडवी ठेवायची, मग कणाचीही लांब सावली पडते. "तुझी बत्ती बंद कर," म्हटलं आणि माझी बॅटरी जमिनीला टेकवून त्या घाणीत सरळ पालथा झालो.

कुजक्या फांदीजवळ सावल्याच सावल्या, सगळ्या खड्यांच्या. त्यातली एक सरकली. माझा एकही स्क्रू आजवर चालला नव्हता.

"हिलू नका बाबा!" ती शेजारी पालथी पडली. "जिंदा है! देखो, बुरशी खातेय!" खिशातलं भिंग लावलं, तर कवचातून तिचं इवलंसं काळीज दिसलं, चालू घड्याळाच्या चक्रासारखं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वासाने नव्हतं.

लेकीचा लेख छापून आला. इंग्रजी मला झेपत नाही, तिनेच वाचून दाखवला. कसं शोधलं ते सांगताना लिहिलंय, बॅटरी आडवी ठेवायची रीत माझ्या घड्याळजी वडिलांची. ते पान मी दुकानात काचेखाली लावलंय.

परवा एका गिऱ्हाइकाने ते वाचून हसत विचारलं, "काकाजी, इतना पढ़के घोंघे?"

त्याचं घड्याळ मी न उघडताच परत केलं.