योबाबचा मुक्काम

नकाशेवाल्यांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. भूमापन कचेरीत जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी काढल्या. निवृत्त झाले, हात थरथरायला लागले, आणि मग त्यांना एकदम बायबलमधल्या नोहाच्या नातवंडांची काळजी लागली. जलप्रलय ओसरल्यावर शेम, हाम, याफेथ या त्याच्या तिन्ही मुलांची पोरंबाळं कुठे कुठे पांगली, कुणी कुठल्या डोंगराआड बिऱ्हाड केलं, ते सगळं एका मोठ्या कागदावर काढून चर्चच्या सभागृहासाठी द्यायचं, असं त्यांनी पाळकांना कबूल करून टाकलं. कबूल करायला यांच्या बापाचं काय जात होतं? राबणार होती लेक. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

लेक नर्स होती. दिवसभर वॉर्डात उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडायचे. घरी येऊन चहाचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच आतल्या खोलीतून हाक यायची, "आलीस का गं? मादय राहिलाय अजून!" मादय हा याफेथचा मुलगा. नवख्याला वाटावं, घरातला कुणीतरी जेवायचा राहिलाय.

कामाची रीत ठरलेली होती. नकाशेवाल्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातलं एकेक नाव मोठ्याने वाचायचं, जाडजूड ग्रंथांत आणि जुन्या नकाशांत डोकं खुपसून त्या कुळाची जागा ठरवायची आणि कागदावर बोट ठेवायचं. लेकीने तिथे काळ्या शाईने नाव लिहायचं. नद्या, ओहोळ, विहिरी निळ्या शाईने आधीच काढून झाल्या होत्या. त्यांचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. निळ्या खुणेपासून एका दिवसाच्या चालीत असल्याशिवाय कुणालाही मुक्काम नाही.

"देवाने पाठवलेली माणसं झाली म्हणून काय झालं? तहान त्यांनाही लागते, त्यांच्या गुरांनाही लागते," ते म्हणायचे. कचेरीत असताना एक विहीर राहिली म्हणून त्यांनी साहेबाचा नकाशा साहेबाच्याच टेबलावर परत नेऊन ठेवला होता. तो किस्सा लेकीने इतक्यांदा ऐकला होता, की ती झोपेतही सांगू शकली असती.

तर अशात लेकीला बोलावणं आलं. लांबच्या बंदराच्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात, मुख्य नर्सची जागा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला आपणहून विचारलं होतं. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. तिने हे एकट्या आत्याच्या कानावर घातलं, कारण मागे घर सांभाळायला आत्याच येणार होती.

"तू खुशाल जा," आत्या म्हणाली. "माझा भाऊ आहे तो, वाघ नाही मला खायला."

"पण बाबांना आत्ता सांगू नकोस. नकाशा होऊ दे. अर्ध्यावर टाकून जायला माझा पाय निघणार नाही."

आत्याने मान हलवली. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण लेकीला तरी दुसरं कोण होतं?

शेवटी शेमच्या वंशातल्या यक्तानचे तेरा मुलगे तेवढे राहिले. त्यातले ओफीर, हवीला वगैरे बारा भराभर बसले, आणि तेराव्या योबाबपाशी गाडं अडलं. आज तो डोंगराच्या अलीकडे, उद्या पलीकडे, परवा पार समुद्रकाठी. रोज संध्याकाळी लेकीने कालचं नाव ब्लेडने खरवडायचं, नखाने कागद गुळगुळीत करायचा, आणि पुन्हा लिहायचं.

"बाबा, कालच तर तुम्ही म्हणालात..."

"काल चुकलो. योबाबबद्दल कुणालाच नक्की माहीत नाही गं."

खरवडून खरवडून त्या सगळ्या भागातला कागद कांद्याच्या सालासारखा झाला. तिकडे हॉस्पिटलातून पुन्हा फोन आला, काय ठरलं म्हणून. लेकीला वैताग आला होता, आणि आपल्याला वैताग येतो याची लाजही वाटत होती. एकदा तर ती नकाशावरच डोकं टेकून झोपली आणि गालावर अर्धा ओफीर उमटवून ड्यूटीवर गेली.

रविवारी दुपारी नकाशेवाल्यांनी पुन्हा बोट ठेवलं. लेकीने टाक शाईत बुडवला आणि तिचा हात तिथेच थांबला. बोटाखाली नुसतं वाळवंट होतं. वीतभर अंतरात निळा ठिपकासुद्धा नव्हता.

"बाबा, इथे पाणी नाही."

"असेल एखादी विहीर."

असेल? या माणसाच्या तोंडून पाण्याच्या बाबतीत हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. तिने टाक खाली ठेवला.

"तुम्हाला कळलंय."

नकाशेवाल्यांनी कागदावरचं बोट काढून घेतलं.

"आत्याने सांगितलं ना?"

"तिला बोल लावू नकोस. दोन दिवस तोंड दाबून होती बिचारी. तिच्या मानाने पुष्कळ झालं."

"म्हणजे तेव्हापासून मी उगाच खरवडतेय? पाय सुजलेत माझे, बाबा! जाऊ नकोस म्हणायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"म्हटलं असतं तर राहिली असतीस," ते म्हणाले. "मग रोज तुझं थकलेलं तोंड मलाच बघावं लागलं असतं. थांब म्हणवेना, जा म्हणवेना. भीती वाटते गं मला. योबाब सापडला, त्याला धरून बसलो."

लेकीला रडू फुटलं, आणि ते बरंचसं रागाचं होतं. 'नाही जात मी' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. दमलेल्या माणसाला तेच सोपं पडतं. म्हटलं असतं की चहा टाकायचा, पाय वर घेऊन बसायचं, सगळं होतं तसं चालू. ते शब्द तिने गिळले. पदराने नाक पुसलं आणि टाक परत हातात घेतला.

"नीट सांगा. कुठे लिहू?"

नकाशेवाल्यांनी बोट पुन्हा वाळवंटावर ठेवलं. मग ते हललं. वाळूतून दक्षिणेला सरकत, मध्येच अडखळत, ते डोंगरातल्या एका बारीक निळ्या ओहोळापाशी गेलं आणि तिथे टेकलं. लेकीने श्वास रोखून तीन अक्षरं लिहिली. पातळ झालेल्या कागदावरही शाई फुटली नाही. त्यांनी भिंग धरून नाव वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता त्या हॉस्पिटलात फोन कर. येते म्हणून सांग."

"उद्या करते, बाबा. आज रविवार आहे."

"आजच कर," नकाशेवाले म्हणाले. "उद्यापर्यंत मी हवीलाही चुकलाय म्हणेन."